निरोगी रांग

सातव्या रांगेतली चौथी खळगी पिवळी झाली नाही. तिच्या अलीकडच्या तीन झाल्या, पलीकडच्याही झाल्या, आणि मधली ही एकच, पाण्याने विसळून ठेवल्यासारखी स्वच्छ राहिली. तिने प्लेट उचलून खिडकीकडे धरली, मग पांढऱ्या कागदावर ठेवली. खिडकीतल्या उजेडावर विश्वास ठेवू नये, कागदावर रंग लपत नाही, असं ती स्वतःच नव्या मुलींना शिकवत असे. कागदावरही खळगी स्वच्छच होती. तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात नखाएवढ्या खळग्यांच्या रांगा, आणि एकेका खळगीत एकेका बाळाच्या रक्ताचा अंश. लशीने बाळाच्या अंगाला काही शिकवून ठेवलं असेल तर खळगी आधी निळी होते, वर आम्लाचा थेंब पडला की पिवळी. शिकवलं नसेल तर काहीच होत नाही. यंत्रात घातल्यावर आकडा येतो. पण इतक्या वर्षांनंतर तिच्या डोळ्यांना ते यंत्राआधी कळत असे, आणि डोळ्यांना कळलेलं ती यंत्र सांगेपर्यंत कुणाजवळ बोलत नसे. यंत्राने सांगितल्यावरही पुन्हा एकदा करून पाहिल्याशिवाय बोलत नसे. या सवयीमुळे संस्थेत तिला मान होता आणि घरी तिच्यावर विनोद होत.

सातवी रांग निरोगी मुलांची. बाकीच्या सगळ्या रांगा नाल्याकाठच्या वस्तीतल्या बाळांच्या. त्यांच्यातल्या निम्म्या खळग्या फिक्या राहणार हे धरलेलंच असे, कारण तेच तर शोधायचं होतं: तोंडावाटे दिलेली लस एका बाळाला लागते आणि दुसऱ्याला का लागत नाही, आणि ज्यांना लागत नाही तीच मुलं उंचीलाही मागे का राहतात. उत्तराचा अर्धा भाग माहीत होता. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते. बाळाच्या पोटात रोज थोडी थोडी घाण जात राहिली तर ती लव सुजते, खुरटते, झडते. जुलाब नाहीत, ताप नाही, मूल हसतं, खेळतं, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. सगळी ताकद आतल्या आत त्या न दिसणाऱ्या सुजेशी झुंजण्यात जाते. हाडं वाढायची राहतात, आणि लशीचे थेंब आले तरी दार उघडायला कुणी मोकळं नसतं. हे सगळं ताडून पाहायला तुलनेसाठी निरोगी मुलं लागत, ती संस्थेतल्या लोकांच्या घरून येत. कुणाच्या घरी मूल झालं की अभिनंदनाच्या दुसऱ्याच वाक्याला ‘रक्त कधी देताय?’ असं विचारलं जाई. शिकलेली घरं, नळाचं पाणी, फरशा पुसलेल्या. ती मुलं निरोगी हे कुणी तपासलं नव्हतं; ते दिसतच होतं. आणि सातव्या रांगेतली चौथी खळगी तिच्या भाचीची होती.

“मॅडम, थेंब टाकायचा राहिला असेल,” शेजारच्या ओट्यावरची नवी तंत्रज्ञ म्हणाली. ती सारखी बोलत असे, पण थेंब टाकताना तिचा हात मात्र कधी हलत नसे. “माझं परवा तसंच झालं. अख्खी रांग कोरडी! मी म्हटलं, आता माझी चामडी लोळवतात.”

“असेल,” ती म्हणाली. आपला थेंब राहिलेला नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी उरलेलं रक्त फ्रीजरमधून काढून, वितळू देऊन, तिने चौथी खळगी पुन्हा लावली. या वेळी तीन ठिकाणी. मधला वेळ ती टोपणं पुसत बसली. तिन्ही ठिकाणी पाणी पाण्यासारखंच राहिलं.

भाचीला घरात सगळे मुंगी म्हणत. दादा आणि वहिनी यांना लग्नानंतर फार उशिरा, आशा सोडल्यावर झालेली ही मुलगी. हातावर घेतल्या घेतल्या दादा म्हणाला होता, “अरे, ही तर मुंगी आहे!” तेव्हा सगळे हसले होते, आणि नाव चिकटलं. वाढेल तसं नाव मागे पडेल असं धरलं होतं. मुंगी वर्षाची होऊन गेली, बसू लागली, रांगू लागली, टाळ्या वाजवू लागली, पण नाव काही सैल होईना. डॉक्टरांकडच्या तक्त्यावर तिचा ठिपका आधी मधल्या रेषेवर होता, मग खालच्या रेषेकडे सरकला, मग तिच्याखाली गेला. डॉक्टर म्हणाले, “आईचं लक्ष कमी पडतंय. वरचं वाढवा. आई दिवसभर घरी असते का?” वहिनी घरी नसे. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करी. मुंगी सहा महिन्यांची झाल्यावर ती कामावर परत गेली, आणि ठिपका घसरायला लागला तोही त्याच सुमाराला. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे तिने कित्येक विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. घरात फळा नव्हता. घरात तिची आणि दादाची आई होती, आणि आईने हिशेब केव्हाच मांडून टाकला होता. “ही तिकडे भिंगं घासते, इकडे पोर घासून चाललंय,” आई म्हणे. “आई, भिंगं मी घासत नाही, बसवते,” वहिनी म्हणे, आणि ताटं उचलून आत जाई. हे इतक्यांदा झालं होतं की आता पुढचं वाक्य मागच्या वाक्याची वाटही पाहत नसे. अशा वेळी ती स्वतः मान खाली घालून जेवत असे. मध्ये बोलायला तिच्याजवळ काही पुरावा नव्हता.

रक्त घ्यायचं तिने स्वतःहून सुचवलं नव्हतं. वहिनीनेच एकदा विचारलं होतं, “काय वन्सं, तुमच्या त्या शहाण्या मुलांच्या रांगेत आमच्या मुंगीला जागा आहे का?” वन्सं हा शब्द वहिनी फक्त चेष्टेत वापरी, त्या दोघींमध्ये तो जुन्या काळातल्या नाटकातल्यासारखा होता. सुई टोचताना वहिनीने मुंगीला घट्ट धरलं होतं आणि तोंड दुसरीकडे केलं होतं. मुंगी रडली, लगेच थांबली, आणि कापसाकडे हात पुढे करू लागली. नंतर कितीतरी आठवडे वहिनी अधूनमधून विचारत असे, “त्या रक्ताचं काय झालं गं?” आणि ती खरंच सांगत असे, अजून लावलं नाही. तेव्हा ते खरं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती प्रमुखांच्या खोलीत गेली. प्रमुखांना सगळे सर म्हणत. सर चांगले होते, हे तिला दरवेळी स्वतःला बजावावं लागे. त्यांनी या कामावर डोक्यावरचे केस घालवले होते. आतडी सुधारावीत म्हणून वस्तीतल्या मुलांना द्यायच्या एका भुकटीमागे त्यांनी आणि तिने मिळून इतकी वर्षं घालवली होती की भुकटीचा वास तिच्या टेबलाच्या खणांना लागला होता. भुकटीने काही झालं नव्हतं. वाईट झालं नाही आणि चांगलंही नाही. मुलं ती आवडीने चाटत आणि पुन्हा त्याच अंगणात रांगायला जात.

“कंट्रोल पडला? निरोगी रांगेतला?” सर म्हणाले. “मग दुसरा घ्या. माझ्या नातवाचं रक्त घ्या. हत्ती आहे हत्ती! त्याची खळगी पिवळी काय, केशरी होईल.”

“सर, मी पुन्हा लावून पाहिलं. तीन ठिकाणी.”

“तुम्ही पाहिलंत म्हणजे प्रश्नच नाही. नमुना बाद करा.”

“नमुना चांगला आहे. ते मूल... निरोगी नसेल तर?”

“निरोगी नसेल तर तो कंट्रोल नाही.” सरांनी हात उलटे केले. “व्याख्याच आहे ती, मॅडम.”

ती दारापाशी थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी हललं, खणातली चमची सरकते तसं. वाहनचालकाची मुलगी आठवली. मागच्या खेपेला तीही अशीच पडली होती. तिचं नाक सारखं वाहतं म्हणून तिला काढली होती. त्याआधी हिशेबनिसांचा मुलगा. त्याचं कारण आता आठवत नव्हतं, पण त्याच्या जागी कुणाचं रक्त घातलं ते आठवत होतं, कारण ते तिनेच आणलं होतं. पिवळं झालं ते ठेवायचं, नाही झालं ते निरोगी नव्हतं म्हणून काढायचं. आणि शेवटी उरलेल्या पिवळ्या रांगेकडे बोट दाखवून म्हणायचं, पाहा, आपल्या घरची मुलं अशी असतात. म्हणजे वस्तीतली मुलं ज्या रेषेखाली मोजली जात होती ती रेषाच अशी वेचून वेचून ओढलेली होती. आपल्या घरांत हे नसतंच, हे आधी ठरलं होतं, आणि मग रक्ताकडून ते वदवून घेतलं होतं. कुणी लबाडी केली नव्हती. सगळे अगदी काटेकोर होते. तिला संताप आला, पण तो कुणावर धरावा हे कळेना. तो सरांच्या मेजावर ठेवता येत नव्हता, स्वतःजवळही ठेवता येत नव्हता.

“आणखी काही?” सरांनी विचारलं.

“नाही सर,” ती म्हणाली, आणि बाहेर आल्यावर तिला आपल्याच आवाजाची शिसारी आली.

संध्याकाळी ती रोजच्या रस्त्याने निघाली. रस्ता पाइपासाठी खणून ठेवला होता. फळ्यांवरून एकेक माणूस तोल सांभाळत चाललं होतं. खालच्या खड्ड्यात पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप शेजारी शेजारी, जुन्या ओळखीच्या माणसांसारखे पडले होते. एरवी तिने ते पाहिलं असतं आणि मनात नोंदवलं असतं. आज तिला वाटलं, पाहणं आणि नोंदवणं यापलीकडे आपण आयुष्यात केलं तरी काय? शाळेत असताना तिच्या बाकावरच्या मुलीवर खडू चोरल्याचा आळ आला होता. खडू बाईंच्याच पर्सखाली असेल असं तिला वाटत होतं, पण खात्री नव्हती, म्हणून ती गप्प बसली. खडू नंतर पर्सखालीच सापडला. तोवर ती मुलगी वर्गाबाहेर उभी राहून आली होती. त्यानंतर ती मुलगी बोलायची थांबली असं काही नाही. दोघी रोज डबा एकत्र खात. पण डबा खाताना ती मुलगी कधी कधी घास हातात धरून तिच्याकडे बघे. खात्री म्हणजे फार स्वच्छ वस्तू. ती हातात येईपर्यंत थांबलं की कुणी बोट दाखवू शकत नाही. मात्र थांबायचा वेळ कुणाच्या खात्यातून जातो हे कुणी विचारत नाही.

चष्म्याचं दुकान वाटेतच होतं. काचेतून वहिनी दिसली. दिव्याखाली वाकून तिने एक भिंग दोन बोटांच्या टोकांत धरलं होतं, ते किंचित तिरपं करून, चौकटीच्या खाचेत बसवून, अंगठ्याने दाबलं. टक् झालं असावं. बाहेर आवाज आला नाही, पण वहिनीचा चेहरा क्षणभर अगदी मोकळा झाला. हा चेहरा घरात कधी दिसत नसे. ती दारातच थबकली. पाचेक मिनिटांत वहिनी पिशवी घेऊन बाहेर आली.

“तू इथे कशी? वाट चुकलीस?”

“सहज.”

“सहज!” वहिनी हसली. “तू सहज काही करतेस? बरं झालं भेटलीस. ऐक, मालकांशी बोलणं झालं. म्हणाले, वर्षभर जागा रिकामी ठेवता येणार नाही, दुसरी मुलगी बघतो. उद्या जाऊन शेवटचं काय ते सांगायचं.”

“म्हणजे तू सोडतेयस?”

“सोडू नको तर काय करू? डॉक्टर तेच म्हणतात, आई तेच म्हणतात, ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. योग्य वाटेल ते! मला काय योग्य वाटतं ते मलाच आता कळत नाही. रात्री तिला पाजताना मी तिचं मनगट धरून बघते. माझ्या दोन बोटांत मावून वर जागा उरते. मग वाटतं, जाऊ दे, भिंगं काय, कुणीही बसवेल.” फळीवर तिचा पाय घसरला, तिने वन्संचा दंड धरला. दंड तसाच धरून ती म्हणाली, “त्या रक्ताचं झालं का गं काही?”

आता सांगायचं, असं तिने ठरवलं. आणि ठरवताठरवता डोक्यात सगळी हरकतदार मंडळी एकेक करून उठून उभी राहिली. एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. लस न लागण्याची कारणं अनेक. आईच्या दुधातलीच द्रव्यं कधी कधी लस अडवतात असंही काहींचं म्हणणं आहे. तेवढंच वाक्य आईच्या कानावर पडलं तर पुन्हा दूधच, पुन्हा वहिनीच. निकाल घरच्यांना सांगायचे नाहीत असा नियम आहे. आणि लस लागली नाही हे कळलं तरी आतड्यात काय चाललंय ते कुणी आत डोकावून पाहिलंय? प्रत्येक हरकत खरी होती, हाच त्रास होता. खोटी असती तर तिने ती एका झटक्यात खाली बसवली असती.

“अजून व्हायचंय,” ती म्हणाली.

“बरं,” वहिनी म्हणाली आणि तिने दंड सोडला.

घराचं मागचं दार उघडं होतं. मागे छोटं अंगण, अंगणात आईच्या कोंबड्या. बाबा गेल्यानंतर आईने पहिल्यांदा दोन आणल्या, सोबत म्हणून. आता बऱ्याच झाल्या होत्या, आणि त्यांतली एक, लाल तुऱ्याची, तिला दादा हेडमास्तरीण म्हणे, ती बिनधास्त स्वयंपाकघरात येऊन ओट्याखाली पहारा करत असे. आईला कोंबड्यांचा मोठा आधार होता. त्यांच्याशी ती बाबांशी बोलत असे तसं बोले, म्हणजे बरीचशी तक्रार. आणि कोंबडी अंडं देई ते मुंगीचं. “बाजारचं नाही हो, घरचं आहे,” ती शेजारणींना सांगे. रोज एक उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ भातात कालवून, आई मुंगीला भरवी. एवढं करूनही पोर अंग धरत नाही म्हणजे दोष कुणाचा हे सांगायला नको, असं तिच्या चमच्याच्या हालचालीवरून कळत असे. वहिनी कामावर जाई तेव्हा मुंगी आजीजवळ असे, आणि आजी अंगणात. सहा महिन्यांपासून. ती रांगायला लागली तीही याच अंगणात.

ती दारात चपला काढत उभी राहिली आणि तिने पाहिलं. रोजच पाहत होती. आज तिच्या नजरेला आकडा आला. मुंगी हातापायांवर रांगत हेडमास्तरणीच्या मागे चालली होती. कोंबडी थांबली की थांबे, कोंबडीने जमिनीत चोच मारली की तिथेच तिची चिमुकली बोटं जात, चिमटीत काही सापडे, आणि चिमूट तोंडात. चेहऱ्यावर अशी काही एकाग्रता की वस्तू ओळखायला शिकणाऱ्या शास्त्रज्ञाचीच म्हणावी. खरोखरच मागे एकदा तिने मुंगीच्या मुठीतून मऊ, पांढरट-करडा गोळा काढून टाकला होता. बोट साडीला पुसलं होतं. आणि आत जाऊन वस्तीत पाठवायच्या मुलींसाठी प्रश्न लिहीत बसली होती. त्या प्रश्नांत एक असा होता, कोंबड्या घरात येतात का, बाळ रांगतं तिथे येतात का? उत्तर हो आलं की पुढे विचारायचं, किती वेळ? तो प्रश्न तिनेच घातला होता. लिहिताना मागे ओट्याखाली हेडमास्तरीण कुरकुरत होती, आणि तिने पाय हलवून तिला ‘हुश्’ केलं होतं.

“आलात का दोघी?” आई भातात अंडं कुस्करत होती. “ये गं मुंगे, घास घे. बघ, आली तुझी आई, आता ती उद्यापासून घरीच. उशिरा का होईना, डोकं ठिकाणावर आलं.”

वहिनीने मुंगीला उचलून मांडीवर घेतलं. दादा आला, किल्ल्या खुंटीला लावल्या. दादा गाडी शिकवी. शिकणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत, जादा ब्रेकवर पाय ठेवून दिवसभर बसे. घरातही तो तसाच बसे, सुकाणू दुसऱ्याच्या हातात, आपण फक्त अपघाताची वाट पाहत. “काय म्हणतात मॅडम? आज काय शोध लागला?” त्याने तिला विचारलं, रोजच्यासारखं, उत्तराची अपेक्षा न करता.

मुंगीने तोंड घट्ट मिटलं. आईने चमचा ओठांना लावला, ओठांवर भात राहिला. आईने पुन्हा लावला. मुंगीने मान फिरवली आणि वहिनीच्या पदरात तोंड खुपसलं.

“हे असं,” आई म्हणाली. “अंगावरची सवय लावून ठेवलीय, त्यात काही उरलेलं नाही, आणि दुसरं तोंडात घेत नाही. आमच्या वेळी मुलं काय नव्हती? माझी दोन्ही बघ, धट्टीकट्टी. का? मी दुकानं सांभाळत नव्हते.”

“आई, जाऊ दे ना,” दादा म्हणाला.

“जाऊ कशाला देऊ? पोर जायला निघालंय ते दिसतंय का तुला?”

वहिनीचा हात मुंगीच्या पाठीवर होता, तो थांबला. मग पुन्हा फिरू लागला, पण आता नुसताच फिरत होता. “उद्या सकाळी सांगून येते मालकांना,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “मग कुणाला काही बोलायला नको.”

सगळं मिटल्यासारखं झालं. दादाचा चेहरा सैल झाला, ब्रेक मारावा लागला नाही म्हणून. आईने समाधानाने वाटीच्या कडेचा भात चमच्याने गोळा करून मधे सारला. एक वस्तू जागेवर बसल्याचा आनंद सगळ्यांनाच होता, आणि ती वस्तू म्हणजे वहिनी होती. तिला स्वतःला दुपारची सरांची खोली आठवली, त्यांचे उलटे केलेले हात. कसं सोपं होतं. पोर वाढत नाही. घर चांगलं आहे, पाणी चांगलं आहे, अंडी घरची आहेत. मग जे बसत नाही ते रांगेतून काढायचं. तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. त्यांना आम्लाचा किंचित वास होता, साबणाने जात नाही असा. उद्या पुन्हा रक्त घेता येईल. विष्ठेची तपासणी करता येईल; सूज आहे का ते तीत दिसतं. दोन आठवडे. मग पुन्हा एकदा, खात्रीसाठी. मग वहिनीच्या जागेवर दुसरी मुलगी बसलेली असेल आणि ती म्हणेल, आता झालंय, वहिनी, निकाल आलाय. आणि निकालात तरी काय असेल? कोंबड्या काढल्या तर मुंगी वाढेलच असं कुठल्या तपासणीत लिहून येणार आहे? लव पुन्हा उगवायला महिने लागतात. काही मुलांची उंची भरून निघते, काहींची तेवढी राहून जाते. हे ती जाणते. हेही ती जाणते की आईला कोंबड्यांशिवाय दुसरं कुणी नाही, दोन्ही मुलं धट्टीकट्टी असून. मुंगीने पदरातून डोकं काढून तिच्याकडे पाहिलं. हनुवटीला भाताचं शीत, आणि त्याच्या शेजारी मातीचा एक सुकलेला डाग.

“आत्याकडे काय बघतेस?” आई म्हणाली. “ती काही बोलायची नाही. तिचं यंत्र अजून तापतंय.”

दादा हसला. वहिनीसुद्धा थोडीशी हसली, सवयीने. आणि ते सवयीचं हसू तिला सहन झालं नाही.

“वहिनी, उद्या कुणाकडे काही सांगायला जायचं नाही,” ती म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आईचा चमचा हवेत राहिला.

“मुंगीच्या रक्ताचं झालंय. आज झालं. मी मघाशी तुला खोटं सांगितलं. तिला लस लागलेली नाही. म्हणजे बहुतेक तिचं आतडं आतून सुजलंय, तिला खाल्लेलं लागत नाही. घास कमी पडला म्हणून ती अशी नाही. तू कामावर गेलीस म्हणून नाही.”

“बहुतेक!” आई म्हणाली. “आता हिचं बहुतेक ऐका.”

“हो, बहुतेक.”

“मग कशाने झालं म्हणतेस?”

“दिवसभर ती कोंबड्यांच्या मागे रांगते आणि त्यांनी घाण केलेली माती खाते. मी पाहिलंय. तूही पाहिलंयस.”

“अगं, पोरं माती खातातच! तू नाही खाल्लीस? आणि त्यांच्याच अंड्यांवर ती जगलीय, आणि तू...” आईने दादाकडे पाहिलं. “सांग रे हिला. खात्री आहे का म्हणावं तुला? विचार तिला.”

दादाने पाय जमिनीवर दाबला, खाली ब्रेक असावा तसा. वहिनी मात्र तिच्याकडे बघत होती, मुंगीला दोन्ही हातांनी धरून, अशी की जणू तिच्या बोटांच्या टोकांत काही फार पातळ आहे आणि श्वास घेतला तर ते निसटेल.

“खात्री नाही, आई,” ती म्हणाली. “आणि आता मी खात्रीसाठी थांबणार नाही. कोंबड्या उद्या सकाळी या घरातून जातील.”